विश्लेषण : प्रश्न सर्वांना मोफत, चूक दाखवणारा मात्र विकत

भिलाई (छत्तीसगढ) : अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या ‘जेईई मेन’ परीक्षेत विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांचे मिळून ७५ प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी २ मिनिटे २४ सेकंद येतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. हा नियम देशभरातील सर्व परीक्षार्थींना सारखाच लागू आहे. परीक्षेला बसण्यापूर्वी सोडवलेल्या हजारो प्रश्नांपैकी किती प्रश्न कोणी जाणकाराने तपासून दिले, याबाबतीत मात्र विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांत मोठा फरक आहे. भिलाईतील कॅम्प-१ सारख्या कामगार वस्तीतून पाहिले असता हा फरक ठळकपणे जाणवतो.

मुंबई-हावडा लोहमार्गावरील भिलाई पॉवर हाउस स्थानकाच्या एका बाजूला पोलाद प्रकल्प आणि त्याची आखीव ‘सेक्टर’ वसाहत आहे. दुसऱ्या बाजूला कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या दाट वस्त्या आहेत. प्रकल्पाच्या उभारणीच्या काळातील कामगारांच्या छावण्यांची आठवण त्यांच्या नावांत आजही टिकून आहे. २०११ च्या जनगणनेत सहा लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवली गेलेल्या या शहराची ओळख दोन गोष्टींमुळे झाली. पहिली पोलाद आणि दुसरी आयआयटी प्रवेशासाठी निवडले जाणारे विद्यार्थी. या दोन्ही ओळखींचा परस्परसंबंध समजून घेतल्याखेरीज आजचा प्रश्न नीट उलगडत नाही.

पोलादाबरोबर आलेली शाळा

भिलाई प्रकल्पासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती भोपाळला गेली. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे येथे आली. छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, बंगाली, मल्याळी, पंजाबी भाषकांबरोबर विदर्भातील मराठी कुटुंबेही भिलाई, दुर्ग आणि राजनांदगाव या पट्ट्यात स्थिरावली.

प्रकल्पाने कारखान्याबरोबर रुग्णालय, ग्रंथालय, क्रीडांगणे आणि शाळाही उभारल्या. सार्वजनिक क्षेत्रातील कायम नोकरी, कंपनीचे घर, कंपनीची शाळा आणि शेजारी राहणारा अभियंता असे शिक्षणाला पोषक वातावरण सेक्टर वसाहतीत तयार झाले. सेक्टर १० मधील कंपनीच्या उच्च माध्यमिक शाळेचे नाव आयआयटी प्रवेशाच्या संदर्भात राज्याबाहेरही घेतले जाऊ लागले. पुढे सिव्हिक सेंटर आणि आसपासच्या भागांत खासगी शिकवण्या वाढल्या आणि भिलाईला ‘शैक्षणिक नगरी’ म्हटले जाऊ लागले.

या काळातील तयारीची साधनेही सहज मिळणारी होती. मॉस्कोच्या ‘मीर’ प्रकाशनाची इंग्रजी पुस्तके भारतात अत्यल्प किमतीत उपलब्ध होती. त्यांतील आय. ई. इरोदोव यांचे भौतिकशास्त्रातील प्रश्नांचे पुस्तक आयआयटीच्या तयारीत जवळजवळ अनिवार्य मानले जाई. १९९२ मध्ये, पुढे आयआयटी कानपूरचे प्राध्यापक झालेले एच. सी. वर्मा यांचा ‘कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ हा ग्रंथ आला आणि भारतीय शाळकरी विद्यार्थ्याच्या पातळीवरून सुरू होणारे, तरीही कस पाहणारे प्रश्न त्याला मिळाले. पुस्तक एकच असले तरी ते वाचणाऱ्याच्या घरची स्थिती एक नव्हती.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईतील कामगारांचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा मुख्य निष्कर्ष असा की प्रकल्पातील कायम कामगार आणि कंत्राटी मजूर यांच्यातील दरी केवळ वेतनाची राहिलेली नाही. राहणीमान, मुलांचे शिक्षण आणि भविष्याविषयीच्या अपेक्षा यांतही ते दोन वेगळे वर्ग झाले आहेत. स्थानिक बोलीत एकाकडे ‘नौकरी’ आहे आणि दुसऱ्याकडे केवळ ‘काम’. गेल्या तीन दशकांत प्रकल्पातील कायम मनुष्यबळ घटत गेले आणि कंत्राटी कामाचे प्रमाण वाढले. म्हणजे जी सामाजिक चौकट विद्यार्थ्याला आयआयटीपर्यंत नेत होती, ती चौकटच आक्रसली. सेक्टरबाहेरच्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांना तर ती पूर्वीही पूर्णपणे उपलब्ध नव्हती.

उत्तरपत्रिकेकडून पर्यायाकडे

याच काळात परीक्षेचे स्वरूप बदलले. आयआयटीच्या संयुक्त प्रवेश परीक्षेत दीर्घकाळ मुख्य भर विद्यार्थ्याने कागदावर लिहिलेल्या उकलीवर होता. अंतिम उत्तर चुकले तरी योग्य तत्त्व ओळखून मांडलेल्या पायऱ्यांना काही गुण मिळत. परीक्षार्थींची संख्या वाढू लागल्यावर २००० मध्ये चाळणी परीक्षा सुरू झाली. २००६ पासून लेखी उकलीचा टप्पाच बंद झाला आणि संपूर्ण परीक्षा वस्तुनिष्ठ झाली. २०१३ मध्ये ‘जेईई मेन’ आणि ‘जेईई अॅडव्हान्स्ड’ अशी द्विस्तरीय रचना आली. २०१९ पासून ‘मेन’ परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे एनटीए घेते. सुमारे १४ लाख परीक्षार्थींमधून अडीच लाख विद्यार्थी ‘अॅडव्हान्स्ड’साठी पात्र ठरतात. २०२५ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’च्या दोन्ही प्रश्नपत्रिका १,८०,४२२ विद्यार्थ्यांनी दिल्या आणि त्यांपैकी ५४,३७८ पात्र ठरले. देशातील सर्व आयआयटींमधील पदवी प्रवेशाच्या जागा मात्र सुमारे १८ हजार आहेत.

लाखो उत्तरपत्रिका हाताने तपासणे अव्यवहार्य असल्याने हा बदल अटळ होता, असा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असतो आणि त्यात तथ्य आहे. तपासनीसागणिक बदलणारे गुण त्यामुळे टळले, हेही खरे. परंतु लेखी उकलीबरोबर आणखी एक गोष्ट परीक्षेच्या बाहेर गेली. ती म्हणजे चुकीचे निदान.

भिलाईशीच संबंधित असा एक साधा प्रश्न उदाहरणादाखल घेता येईल. येथील प्रकल्प भारतीय रेल्वेसाठी रूळ तयार करतो आणि जोडणीनंतर २६० मीटर लांबीचे रूळ येथून रवाना होतात. अशा रुळाचे तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढले आणि पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला ०.००००१२ धरला, तर मोकळ्या रुळाची लांबी सुमारे ९.४ सेंटिमीटरने वाढेल. आता हाच रूळ दोन्ही टोकांना घट्ट जखडला, तर त्यात किती औष्णिक ताण निर्माण होईल? पोलादाचा यंग गुणांक २०० अब्ज पास्कल घेतला, तर तो प्रसरणांक आणि तापमानातील वाढ यांनी गुणल्यावर उत्तर ७.२ कोटी पास्कल येते. या उत्तरात रुळाची लांबी कोठेच येत नाही. रूळ २६० मीटरचा असो की २६ मीटरचा, ताण तेवढाच असतो.

या प्रश्नात दोन चुका सहज संभवतात. एक विद्यार्थी लांबी दिलेली आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे समजून गुणाकारात घेतो. दुसरा तापमानातील ३० अंशांच्या फरकात २७३ मिळवून तो केल्विनमध्ये ‘बदलतो’ आणि ताण सुमारे दहापट मोठा काढतो. पहिल्याला सूत्र पाठ आहे, पण ताण आणि विकृती यांचा अर्थ कळलेला नाही. दुसऱ्याला ताणाची संकल्पना कळली आहे. तापमान आणि तापमानातील फरक यांत त्याची गल्लत झाली आहे. वस्तुनिष्ठ सराव चाचणीत दोघांनाही समान शिक्षा होते, उणे एक गुण. दोघांवरील उपाय मात्र पूर्णपणे वेगळे आहेत आणि ते वहीतील उकल पाहणाऱ्या शिक्षकालाच सुचू शकतात.

गुणदानाचे गणित आणि सरावाचा बाजार

प्रश्न सोडवण्याचे कौशल्य आणि परीक्षा देण्याचे कौशल्य यांतील अंतर गुणदान पद्धतीतूनही समजते. चार पर्यायांच्या प्रश्नात काहीच ठाऊक नसताना अंदाजाने उत्तर दिल्यास सरासरी पाव गुणाचा लाभ होतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर हाच सरासरी लाभ दीड गुणावर जातो. म्हणून कोणता प्रश्न सोडायचा, कोठे पर्यायांवरून उलट दिशेने उत्तर शोधायचे आणि कोठे एककांवरून पर्याय बाद करायचे, याचे स्वतंत्र प्रशिक्षण शिकवणी वर्गांत दिले जाते. त्यात गैर काही नाही. मात्र असे प्रशिक्षण शाळेच्या अभ्यासक्रमात नसते आणि ते ज्याला परवडते त्यालाच मिळते.

एका प्रश्नाला किती किंमत असू शकते, हे २०२४ च्या ‘नीट’ प्रकरणात देशाने पाहिले. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या या परीक्षेतील अणूविषयीच्या एका प्रश्नात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे एक विधान होते. एनसीईआरटीच्या जुन्या पाठ्यपुस्तकाच्या आधारे ते बरोबर ठरत होते. किरणोत्सारी मूलद्रव्यांचा विचार करता ते चूक होते. एनटीएने आधी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एकच पर्याय योग्य असल्याचे सांगितले. न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी फेरपरीक्षेची मागणी फेटाळली, परंतु निकाल सुधारला गेला. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण घटले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. शास्त्रीयदृष्ट्या हा निर्णय योग्यच होता. पण मोठ्या भावंडाचे किंवा रद्दीतून आणलेले जुने पुस्तक वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ते विधान कोणी दुरुस्त करून दिले नव्हते, ही बाबही त्यातून पुढे आली.

साहित्य मुबलक, तपासणी दुर्मीळ

गेल्या दशकात अभ्यास साहित्याची टंचाई जवळजवळ संपली आहे. एनसीईआरटीची पुस्तके संगणकीय स्वरूपात मोफत मिळतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळांवर आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी मार्च २०२३ मध्ये ‘साथी’ हा मोफत तयारीचा मंच सुरू केला. व्याख्यानांच्या असंख्य ध्वनिचित्रफिती मोबाइलवर पाहता येतात. कॅम्प-१ मधील विद्यार्थ्यासमोर आज प्रश्न कोठून आणायचे ही अडचण फारशी उरलेली नाही. सोडवताना मधेच अडलेली उकल कोणाला दाखवायची, ही अडचण कायम आहे. शिकवणी वर्गांच्या शुल्काचा मोठा भाग प्रत्यक्षात याच सेवेसाठी मोजला जातो. शंकानिरसन, नियमित चाचणी आणि चाचणीनंतरचे विश्लेषण या तीन गोष्टींमुळे शिकवणीत जाणारा आणि न जाणारा यांच्यात अंतर पडते.

हे अंतर सार्वजनिक व्यवस्थेतून कमी करता येते, याचे दाखले उपलब्ध आहेत. छत्तीसगढ शासनाने नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील मुलांसाठी २०१० मध्ये रायपूर येथे ‘प्रयास’ निवासी विद्यालय सुरू केले आणि पुढे अन्य शहरांतही त्याचा विस्तार झाला. शाळा आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकाच छताखाली आणणाऱ्या या विद्यालयांतून आदिवासी भागांतील विद्यार्थी आयआयटीपर्यंत पोहोचले. पाटण्यात २००२ पासून आनंद कुमार यांनी चालवलेला ‘सुपर ३०’ उपक्रम सर्वपरिचित आहे. पुण्याजवळ ‘दक्षणा’ प्रतिष्ठान नवोदय विद्यालयांतील निवडक विद्यार्थ्यांची तयारी करून घेते. महाराष्ट्रातील ‘लातूर पॅटर्न’चा गाभाही वारंवार चाचण्या, त्यांची तपासणी आणि त्यावर चर्चा हाच होता. या सर्व प्रयोगांत शिक्षक विद्यार्थ्याची वही पाहतो, हे सूत्र समान आहे.

या प्रयोगांची मर्यादाही समान आहे. ते आधी निवड करतात आणि मग शिकवतात. ‘प्रयास’ची किंवा ‘दक्षणा’ची निवड चाचणी ज्याला पार करता आली नाही, त्या सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या वाट्याला पुन्हा शासकीय शाळा आणि मोबाइल एवढेच येते. मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्या. परंतु मुलीला कोट्यासारख्या दूरच्या शहरात एकटीने ठेवण्यास अनेक कुटुंबे तयार नसतात. तिच्यासाठी स्थानिक पातळीवरील मार्गदर्शन हा बहुधा एकमेव मार्ग असतो.

भाषेची अर्धी उघडलेली दारे

भाषेचा मुद्दा मराठी वाचकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. २०२१ पासून ‘जेईई मेन’ १३ भाषांत घेतली जाते आणि त्यांत मराठीचा समावेश आहे. मात्र मराठी प्रश्नपत्रिकेचा पर्याय महाराष्ट्रातील परीक्षा केंद्रांपुरता असतो. गोंदियातून गाडीने काही तासांत भिलाईला पोहोचता येते. येथील केंद्र निवडणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तो पर्याय उपलब्ध नसतो. त्यापुढची ‘जेईई अॅडव्हान्स्ड’ परीक्षा केवळ इंग्रजी आणि हिंदीत होते. म्हणजे मराठी माध्यमातून पहिली पायरी चढलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या पायरीवर भाषा बदलावी लागते. कॅम्प-१ मधील हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दोन्ही टप्प्यांवर स्वतःच्या भाषेतील प्रश्नपत्रिका मिळते. परंतु दर्जेदार प्रश्नसंग्रह आणि शिकवण्यांची परिभाषा प्रामुख्याने इंग्रजी असल्याने हा लाभही अर्धवट ठरतो. ‘यंग मॉड्युलस’ शिकलेल्या मुलापुढे परीक्षेत ‘प्रत्यास्थता गुणांक’ आला, तर त्याची काही सेकंदे अर्थ लावण्यात जातात, आणि ही परीक्षा सेकंदांचीच आहे.

नियमन शिकवण्यांचे, प्रश्न शाळांचा

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा गुणवत्ता क्रमांकाची हमी देऊ नये, मध्येच वर्ग सोडल्यास शुल्काचा प्रमाणशीर परतावा द्यावा, अशा तरतुदी त्यांत आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियमावली आणली. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शैक्षणिक संस्थांतील मानसिक आरोग्याविषयी देशव्यापी निर्देश दिले. त्याआधी जून २०२५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने शिकवण्यांवरील अवलंबित्व आणि केवळ नावापुरत्या चालणाऱ्या ‘डमी’ शाळा यांचा अभ्यास करण्यासाठी उच्च शिक्षण सचिवांच्या अध्यक्षतेखाली नऊ सदस्यांची समिती नेमली.

ही पावले आवश्यक आहेत. मात्र त्यांचा रोख मुख्यत्वे ज्यांना शिकवणी परवडते त्यांच्या संरक्षणावर आहे. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठीचा उपाय शाळेतच शोधावा लागेल. अकरावी-बारावीच्या शासकीय वर्गांत विज्ञान आणि गणित शिक्षकांची पदे भरलेली असणे, आठवड्यातील काही तासिका केवळ प्रश्नांची लेखी उकल करून घेण्यासाठी राखून ठेवणे आणि त्या वह्या तपासल्या जाणे, एवढी त्याची सुरुवात असू शकते. त्यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा भार मात्र कमी करावा लागेल.

भिलाईत या दिशेने एक संधीही आहे. २०१६ मध्ये रायपूरच्या तात्पुरत्या संकुलात सुरू झालेली आयआयटी भिलाई आता दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथील स्वतःच्या परिसरात आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २० फेब्रुवारी २०२४ रोजी तो राष्ट्राला समर्पित केला. कॅम्प-१ आणि ही संस्था एकाच जिल्ह्यात आहेत. प्रवेश देशपातळीवरील गुणवत्तेनुसार होत असल्याने या जवळिकीचा स्थानिक विद्यार्थ्याला थेट फायदा नाही. परंतु नुकतीच हीच परीक्षा उत्तीर्ण झालेले शेकडो विद्यार्थी तेथे राहतात. त्यांनी आठवड्यातून काही तास परिसरातील शासकीय शाळांत जाऊन वह्या तपासल्या आणि त्या कामाला संस्थेने श्रेयांक दिले, तर तपासणीची उणीव काही अंशी भरून निघू शकेल. अभियांत्रिकी महाविद्यालये असलेल्या नागपूर, अमरावती, नांदेड किंवा सोलापूरसारख्या शहरांतही हे शक्य आहे.

शिक्षण मंत्रालयाच्या समितीचा अहवाल, जेईईच्या स्वरूपाविषयीचे निर्णय आणि राज्यांची शिक्षक भरती यांवर पुढील काही वर्षांचे चित्र ठरेल. परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायची की अधिक वेळा, प्रश्न ७५ ठेवायचे की ९०, यावर चर्चा होत राहील. कॅम्प-१ मधील विद्यार्थ्याच्या दृष्टीने कसोटी याहून साधी आहे. रात्री सोडवलेला आणि चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी वाचणार आहे की नाही, यावर त्याची परीक्षेतील संधी अवलंबून राहील.